आई-बाबा, माळाची गोष्ट लिहून झाली

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिनाच झालाय, तेव्हा एका बैठकीत सगळं वाचू नका. डोळ्यांना पाणी आलं की वहिनीला वाचायला सांगा. सोबतच्या पिशवीत शेंगा चटणी आहे आणि कडक भाकरीची चळत. भाकरी मोडू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळलीय. आई, ती चादर परत पाठवू नकोस, तुझ्या पायांवर घे. पुण्याची थंडी आपल्यासारखी कोरडी नसते. इकडे सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा अजून उठलेला नाही. होम मैदानावरचे पाळणे रात्री गच्चीवरून दिसतात.

सांगायचं ते हे, की कादंबरी लिहून झाली. पाच वर्षं लागली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही जेवलीस का विचारता, मी जेवले म्हणते, आणि मग दादा फोन घेतो.

आई, शेजारच्या काकूंना तू सांगायचीस, ‘ती लहान मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिते.’ ही गोष्ट मोठ्यांसाठी आहे गं. यात पाखरं बोलतात, गवताला मागचं आठवतं, लांडग्याच्या पोटात बातम्या असतात. तरी यातला एकही प्राणी मी मनानं रचलेला नाही. ते सगळे तुमच्या दोघांच्या तोंडून घरात आलेले आहेत.

बाबा, तुमची सोलापूर-बार्शी गाडी आठवा. डेपोत हिशेब देऊन घरी आलात की पाय धुता धुता तुम्ही त्या दिवशीचा माळ सांगायचात. आज नान्नजच्या पुढं काळविटं आडवी आली, ड्रायव्हरनं गाडी उभी केली. आज बांधावर खोकड बसलं होतं, हॉर्नला हललं नाही. आणि एकदा, मी चौथीत असेन, तुम्ही आल्यावर काही बोललाच नाहीत. जेवताना म्हणालात, ‘आज ढोक बघितला. माणसासारखा चालत होता.’ एवढंच. त्या रात्री माणसासारखं चालणारं ते पाखरू, तो माळढोक, माझ्या अंथरुणाभोवती फिरत राहिलं. पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे ती रात्र आहे.

मधे एक वाईट काळ गेला, तो तुम्हाला सांगितला नव्हता. पहिली तीन प्रकरणं मी एका प्रकाशकांकडे पाठवली होती. ते म्हणाले, अशा अद्भुत कथेला घनदाट जंगल पाहिजे, दऱ्या, धबधबे, गुहा पाहिजेत. उघड्या माळावर काय असतं? मला ते पटलं, हेच वाईट झालं. महिनाभर बसून सगळी गोष्ट सह्याद्रीत नेली. चाळीस पानं लिहिली. झाडं उभी राहिली, धबधबा पडायला लागला, पण कोणी बोलेना. त्या झाडांची नावं मी पुस्तकातून उचलली होती. माझ्या घरात ती कोणी कधी उच्चारलीच नव्हती. मग ती पानं फाडली आणि पहाटेच्या गाडीनं नान्नजला जाऊन आले.

माळावर काय असतं, हे मला तेव्हापासून रोज सांगावंसं वाटतं. सरकारी कागदांतही अशा जमिनीला पडीक म्हणायची सवय आहे. पण पडीक जमिनीवर उन्हाळाभर चंडोल गात नाहीत. तिथं मातीच्या रंगाचा धाविक पक्षी असतो. तो पळतो, थांबतो, परत पळतो, आणि थांबला की दिसेनासा होतो. माझ्या गोष्टीत तो सांगावा नेणारा आहे. काळवीट कोवळा असताना बदामी असतो आणि वयात येईल तसा पाठीवर काळा पडत जातो. मी लिहिलंय की प्रत्येक उन्हाळा त्याच्या अंगावर साचत जातो. लांडगा शिकार करून पिल्लांकडे परततो आणि पोटातलं मांस त्यांच्यासमोर ओकतो. हे मला कळलं तेव्हा मी लिहायची थांबले होते, इतकी माया त्यात दिसली. माझा लांडगा दिवसभर माळावर जे ऐकतो ते गिळून आणतो आणि रात्री पिल्लांपुढं ओकतो. पिल्लं अशीच बोलायला शिकतात. बाबा, तो लांडगा म्हणजे तुम्ही आहात. गाडीतून गोळा केलेला माळ तुम्ही मला असाच आणून दिलात.

लिहिता लिहिता मला एक नियम सापडला. प्राण्याच्या देहाला हात लावायचा नाही. त्याचं अंग, चाल, खाणं, अंडी, सगळं जसं आहे तसंच ठेवायचं. जादू त्यातूनच उगवू द्यायची. ढोकाचंच बघा. उंची मीटरभर, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं उडताना अगदी समोरचं त्याला नीट दिसत नाही. वर अंग जड, चटकन वळता येत नाही. म्हणून तर विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात. माझी नायिका ढोकाची मादी आहे. तिला एका डोळ्यानं काल दिसतो, दुसऱ्यानं उद्या दिसतो, समोरचं तेवढं दिसत नाही. या गोष्टीला राक्षस लागलाच नाही. संध्याकाळच्या उजेडात न दिसणारी एक तार पुरली.

आई, आता तुझं. आम्ही सगळे ढोक म्हणायचो, पण मार्डीच्या घरी तुम्ही त्याला हूम म्हणायचात. मला तो बायकांचा लाडाचा शब्द वाटायचा. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो, तो लांबवर जातो. त्या आवाजावरूनच हूम. माझ्या माळावर हा शब्द मंत्र आहे. तो ज्याला नीट म्हणता येतो त्याच्यासाठी गवत वाट सोडतं. पुस्तकात तो फक्त सात वेळा येतो, आणि सातही वेळा मी तो तुझ्या आवाजात ऐकून लिहिलाय.

ढोकाची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि साधारण २७ दिवस उबवते. त्या प्रकरणात गद्य चालेना. आजी जात्यावर म्हणायची आणि तू भाकरी थापताना गुणगुणायचीस, ती चाल आपोआप आली:

माळावर एक अंडं, नाही काडी, नाही पान
पंखाखाली सारं घर, वर उघडं आस्मान

अशा २७ ओव्या आहेत, एका दिवसाची एक. तू म्हणून बघ. जिथं जीभ अडेल तिथं खूण कर, मी बदलीन. टिटवीही आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउली स्वतःला चोचीनं समुद्र मोजणाऱ्या टिटवीची उपमा देतात. तू ती ओवी वाचताना दर वेळी थांबायचीस. माझी टिटवी माळ मोजते, पावलापावलानं, आणि दर वर्षी तो कमी भरतो.

त्यात खोटं काही नाही. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते सोलापूर आणि नगर मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. पुढं त्याचं क्षेत्र बाराशेच्या आसपास आणलं. नान्नजला, त्या अभयारण्यात, मी अकरा वेळा गेले. काळवीट दर वेळी दिसला, लांडगा दोनदा. ढोक एकदाही नाही. सगळ्या देशात मिळून आता दीडशेही उरले नाहीत म्हणतात, त्यातले बहुतेक राजस्थानात. म्हणून मी शेवट फार काळा लिहिला होता. शेवटचं पाखरू तारेकडे उडतं आणि पान संपतं, असा. मग २०२४ मध्ये जैसलमेरची बातमी आली. तिथल्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून ढोकाचं पिल्लू जन्माला आलं. नर एकीकडं, मादी दुसरीकडं, दोघं एकमेकांना न भेटता. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली आणि रडले. मग शेवटचं प्रकरण परत लिहायला घेतलं. आता ते कसं संपतं हे इथं सांगत नाही.

बाबा, २००६ साली आपल्याकडे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा रजा टाकून तुम्ही मला घेऊन गेला होतात. अध्यक्ष मारुती चितमपल्ली, याच गावात जन्मलेले, सारी नोकरी वनखात्यात केलेले. मी कॉलेजात होते. पाखरांची आणि झाडांची मराठी नावं गोळा करत माणूस आयुष्य काढतो आणि त्याला साहित्य म्हणतात, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. शेवटी ते सोलापुरातच राहत होते. जून २०२५ मध्ये गेले. हस्तलिखित त्यांच्या हाती द्यायचं मी मनात धरलं होतं, ते राहिलं. तुमच्या बाबतीत मला तसं राहू द्यायचं नाही, म्हणून छापायच्या आधी प्रत तुम्हाला पाठवतेय.

दोन जागा रिकाम्या ठेवल्यात, तिथं पेन्सिलीनं चौकोन काढलाय. पहिला पृष्ठ १४ वर. बाबा, तुम्ही ढोक पाहिलात तो बार्शीकडे जाताना की येताना? कुठल्या हाताला? दुसरा पृष्ठ ९० वर. आई, कुसळ मला आठवतं, लुगड्याला टोचायचं ते. पण दुसरं एक गवत होतं, मार्डीच्या रानात तू चुरगाळून माझ्या नाकाशी धरायचीस. त्याला तुम्ही काय म्हणायचात? पुस्तकातलं नाव मला नको, तुमच्या घरातलं पाहिजे.

बुधवारी रात्री फोन करते. दादाकडे फोन द्यायच्या आधी ही दोन उत्तरं सांगा.

तुमची लेक