ज्येष्ठ रुग्णांना घरी सोडण्यापूर्वीच लस द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की मुंबईतील रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डांत ताप, खोकला आणि धाप घेऊन येणाऱ्या वृद्धांची संख्या वाढते. पालिकेच्या एका रुग्णालयात मी परिचारिका म्हणून अशाच वॉर्डात नोकरी केली. मधुमेह किंवा हृदयविकार असलेले साठी-सत्तरीचे रुग्ण कसेबसे बरे होऊन घरी जात. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी असे, पण इन्फ्लुएन्झा (फ्लू) आणि न्यूमोकोकस या जंतूमुळे होणारा न्यूमोकोकल न्यूमोनिया यांवरील लशींचा उल्लेख क्वचितच दिसे. बालक दाखल झाले की त्याच्या लशी झाल्या आहेत का, हे आपण आवर्जून विचारतो. आजोबांना मात्र कोणीच विचारत नाही.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 पासून मुख्यतः बालके आणि गर्भवती यांच्यासाठी चालत आला आहे. त्यात 2017 पासून टप्प्याटप्प्याने तान्ह्या बाळांना न्यूमोकोकल लस मिळू लागली, हे फार मोलाचे काम झाले. परंतु तोच जंतू ज्यांच्या जिवावर उठतो त्या वृद्धांना ती लस खासगीत हजारो रुपये मोजून घ्यावी लागते. सत्तरीपुढील नागरिकांच्या उपचारांसाठी आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. मग दाखल होण्याची वेळच टाळू शकणाऱ्या लशीसाठी तरतूद का नसावी?

आजारपणात लस कशी द्यायची, ही शंका नातेवाइकांप्रमाणे काही डॉक्टरांच्याही मनात असते. आजार तीव्र असताना थांबावे हे खरे. पण ताप उतरून प्रकृती स्थिर झाल्यावर थांबण्याचे सहसा कारण उरत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, प्रामुख्याने हृदयविकाराचा झटका आलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांना रुग्णालयातच फ्लूची लस किंवा तुलनेसाठी लस नसलेले इंजेक्शन दिले गेले आणि लस मिळालेल्यांत वर्षभरातील मृत्यू कमी आढळले. शिवाय नालासोपारा किंवा बदलापूरहून आलेल्या वृद्धाला ‘नंतर ओपीडीत या’ असे सांगणे म्हणजे बहुतेक वेळा लस न देणेच होय, कारण केवळ सुईसाठी मुलगा रजा काढून त्याला लोकलने पुन्हा आणील, ही शक्यता फार थोडी असते.

म्हणून दाखल करतानाच्या केसपेपरवर साठीपुढील प्रत्येक रुग्णासाठी लसीकरणाचा रकाना असावा, आणि ॲलर्जी व प्रकृतीची ठरलेली तपासणी करून, रुग्णाच्या संमतीने लस देण्याचा अधिकार वरिष्ठ डॉक्टरांच्या लेखी स्थायी आदेशाने वॉर्डातील परिचारिकेला मिळावा. प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे लिहून देण्याची अट असली की राऊंडच्या गडबडीत हे काम हमखास राहून जाते. अमेरिकेत अशा स्थायी आदेशांची शिफारस फार पूर्वीच झाली आहे. ‘आता या वयात कशाला?’ म्हणणाऱ्या आजींची समजूत, चार दिवस त्यांची सेवा केलेली सिस्टर जितकी चांगली घालू शकते तितकी दुसरे कोणी घालू शकणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

बालकांच्या लसीकरणासाठी शीतसाखळी, म्हणजे लशी थंड ठेवण्याची व्यवस्था, पालिका रुग्णालयांत आहेच. पालिकेच्या आरोग्य विभागाने केईएम, शीव, नायर आणि कूपर येथील मेडिसिन व हृदयरोग वॉर्डांत येत्या पावसाळ्यापूर्वी ही पद्धत सुरू करावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, न्यूमोकोकलची तशी नाही. त्यामुळे दिलेल्या लशीचे नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक नोंदवावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना रुग्णाच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई