तुझ्या हेडफोनची डावी बाजू

देवगड,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

शिमग्यानंतर तुला एक ओळही लिहिली नाही. याचे खापर कामावर किंवा पावसावर फोडण्याचा विचार होता, पण तुला ते पटणार नाही आणि खरे कारणही वेगळेच आहे. मी तुझे हेडफोन उघडले आहेत. नुसते उघडले असते तर स्क्रू पुन्हा बसवून गप्प राहिलो असतो. परंतु डाव्या वाटीतल्या झरोक्यावरचा तो पांढरा कागद माझ्या हातून फाटला, आणि तो आता जुळणारा नाही. बाकी घरी सर्व क्षेम. आईचा गुडघा पावसात दुखतो तसा दुखतो आहे.

तू मस्कतला निघालास तेव्हा सामानाच्या वजनात लोणच्याच्या बरण्या बसल्या आणि हेडफोन मागे राहिले, हे मी अजून विसरलेलो नाही. "बुरशी येऊ देऊ नकोस, आणि दुसरे काहीही करू नकोस," असे तू फाटकापर्यंत दोनदा बजावलेस. त्यातला पहिला भाग मी इमानाने पाळला. तीन पावसाळे तुझे टी५०आरपी हेडफोन आमच्या पिठाच्या जुन्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसह राहिले, आणि दर पंधरवड्याला मी त्या पुड्या तव्यावर कोरड्या करीत असे. यंदा मात्र गाद्यांचे कातडे स्वतःहून सुटू लागले. डोके पुसले की कानामागे काळे पापुद्रे सापडत. नव्या गाद्या मागवल्या, डावीकडची जुनी ओढून काढली, आणि खाली ते चार स्क्रू दिसले. मास्तरांच्या दुकानात दहा वर्षे बसलेल्या माणसाला चार स्क्रू दाखवून "हात लावू नकोस" म्हणणे म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

काम मी माजघरात, दारे लावून, धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर केले. याचे कारण तुला आठवत असेल. फुटक्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून आपण पुळणीवरून ओढत होतो आणि त्याला काळ्या वाळूच्या मिशा फुटत होत्या. तीच वाळू आपल्या चपलांतून, टॉवेलातून, खिशांतून घरभर फिरत असते. हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या पातळ पापुद्र्यावर तांब्याच्या नागमोडी रेघा आणि त्याच्या दोन्ही अंगांना चुंबकांच्या पट्ट्या, अशा रचनेत वाळूचा एक कण जरी शिरला तरी तो पुन्हा बाहेर येत नाही. पापुद्रा हलला की आत खरखर सुरू. स्क्रू ड्रायव्हरचे टोक जवळ नेताच चुंबकाने ते असे खेचले की क्षणभर छातीत धस्स झाले. निघालेला प्रत्येक स्क्रू मास्तरांच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या खणात ठेवला. होय, डबा माझ्याकडेच आहे. मागे तू तो मागितलास तेव्हा मी सापडत नाही असे सांगितले होते.

आत पाहिले तर काहीच नाही. प्लास्टिकची उघडी वाटी, मागच्या भिंतीला लहानसा झरोका आणि त्यावर चिकटवलेला तो कागद. पापुद्रा जितका आवाज कानाकडे फेकतो तितकाच मागे फेकतो, आणि तो मागचा आवाज त्या कडक भिंतींवर आपटून पापुद्र्यातून पुन्हा कानाशी येतो. "गाणारा पिंपात बसला आहे," असे तू म्हणायचास आणि मी त्याला तुझ्या कानांचा दोष म्हणायचो. तुझे म्हणणे खरे होते. हे एवढे लिहून मी पुढे जातो, कारण याच पत्रात तुला आणखी एकदा बरोबर ठरवावे लागणार आहे आणि माझी तेवढी सवय नाही.

वाटीत भरायला प्रथम औषधाच्या दुकानातला कापूस आणला होता. तो पाणी शोषण्यासाठीच केलेला असतो, आणि आमच्याकडे आषाढात मीठसुद्धा बरणीत पाझरते. आठवडाभरात त्याचा ओला गोळा झाला असता. मग परसातल्या सावरीची आठवण झाली. उशीतला सावरीचा कापूस पाणी धरत नाही, बोटात घेतला तर निसटतो आणि फुंकर मारली तर उडतो. तो पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून वाटीत ठेवला, म्हणजे एकही तंतू पापुद्र्यापर्यंत जाणार नाही. पहिल्याच वेळी पिंप नाहीसे झाले. मग मला मोह झाला आणि दुप्पट भरला. त्यासरशी झांजेचा आवाज शेजारच्या वाडीतून यावा तसा येऊ लागला. निम्मा काढला. खर्ज कापसाने सुधारत नाही, हे मला ऐकून माहीत होते. आता करून कळले. कापूस वरचे आणि मधले सूर शोषतो, खालच्या सुरांची लांब लाट त्याच्या अंगावरून निघून जाते.

पापुद्र्याची चौकट जड केली तर तिची थरथर थांबते, म्हणून कडेने माती लिंपायची होती. शेजारच्या गणपतीच्या शाळेत शाडूचा ढीग पडलेला पाहून मला मोठी युक्ती सुचल्यासारखे वाटले. पण शाडू वाळला की आकसतो, तडकतो आणि त्याची पूड होते; पापुद्र्याशेजारी पूड नको. शेवटी धाकट्या पुतण्याची तेलकट खेळमाती चोरली. तिचा एक हत्ती होता. आता तो तुझ्या डाव्या कानाजवळ आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र आनंदाचे झाले असते. परंतु झरोक्यावरचा कागद हवेला नेमका किती अडवतो हे पाहण्यासाठी मी पात्याने त्याचे एक टोक उचलले, आणि दमट हवेने मऊ झालेला तो कागद मधोमध फाटला. उघड्या झरोक्याने ऐकले तेव्हा मृदंगाची धुमी, म्हणजे खर्जाची डावी बाजू, नुसती घुमत होती. थाप कुठली आणि तिची गुंज कुठली ते कळेना. बंदच केला तर खर्ज आखडला. म्हणजे झरोका उघडाही नको आणि मिटलेलाही नको. हवेला जाऊ द्यायचे, पण अडवून अडवून. जखमेवर लावायची कागदी मायक्रोपोर पट्टी या कामासाठी अनेक जण वापरतात, तीच मी वापरली आणि एकेक थर वाढवत गेलो.

इथे माझी एक गोष्ट तू मान्य करशील. मी उजवी बाजू उघडलेली नाही. ती तुझ्या हातची, कारखान्यातून आली तशी आहे, आणि म्हणून माझ्याजवळ तुलनेला पक्का दाखला आहे. मास्तरांच्या भजनाची ती एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट लावतो, म्हणजे दोन्ही कानांना अगदी तोच आवाज जातो. मग हेडफोन उलटे घालून पुन्हा ऐकतो, म्हणजे माझ्याच कानांतला फरक हिशेबातून जातो. शिवाय पाटाच्या फळीला भोक पाडून त्यात इलेक्ट्रेट माइकची टिकली बसवली आहे. वर हेडफोन दाबून ठेवायचे आणि रूम ईक्यू विझार्ड या संगणकावरच्या प्रोग्रामने आलेख काढायचा. फळी म्हणजे काही कान नव्हे, त्यामुळे त्या आलेखावरून आवाज मुळात कसा आहे ते मी सांगणार नाही. पण डाव्या-उजव्यातला फरक ती खरा दाखवते. एका थराला १०० हर्ट्झच्या आसपास डावी बाजू ४ डेसिबलने वर होती, दोन थरांना दीडने, तीन थरांना ती उजवीच्या खाली गेली. सध्या दोन थर आहेत. चष्मा घालून ऐकले तर गादीला फट पडते आणि खालचा सगळा खर्ज तिथून निघून जातो, तेव्हा थर मोजून काय उपयोग, असेही कधी कधी वाटते. तू चष्मा लावत नव्हतास. आता लागला असेल.

आता ॲम्प्लिफायरचे, कारण त्याविना हे काम अर्धवट आहे, आणि आपले भांडणही. तुझा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मी माळ्यावरून उतरवला. तुझ्या ३०० ओहमच्या एचडी ६०० हेडफोनवर तो गोड वाजत असे, हे मी तेव्हाही नाकारले नव्हते. तो सर्वांनाच गोड वाजवील असे तू म्हणायचास, आणि हेडफोनच्या इम्पिडन्सच्या, म्हणजे विद्युत विरोधाच्या, आठव्या हिश्श्याहून जास्त आउटपुट इम्पिडन्स असलेला ॲम्प्लिफायर सूर बिघडवतोच असे मी म्हणायचो. त्या रात्री रत्नागिरीच्या स्टँडवर शेवटची एसटी आपण याच वादात चुकवली. आता ऐक. टी५०आरपीचा इम्पिडन्स खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकसारखा ५० ओहम आहे, एचडी ६०० सारखा खर्जात डोंगर नाही. त्यामुळे तुझा ॲम्प्लिफायर जो व्होल्टेज खातो तो प्रत्येक सुराचा सारखाच खातो. सूर बिघडत नाही. माझा आठव्या हिश्श्याचा नियम इथे लागू नाही. परंतु करंट त्याच्याने देववत नाही, आणि आवाज जरा वाढवला की मास्तर नाकात गाऊ लागतात. तू हरलास, पण मी जिंकलो असेही म्हणवत नाही.

हिशेब मी मागच्या पानावर केला होता, तो इथे उतरवतो. १ मिलीवॅटला ९२ डेसिबल, असे कंपनीचे माप आहे. मोबाईलला लावायचा डोंगल १ व्होल्ट देतो, म्हणजे ५० ओहमवर २० मिलीवॅट, म्हणजे १०५ डेसिबल. ऐकायला हे पुष्कळ वाटते आणि सरासरी आवाजाला ते पुष्कळ आहेही. पण मृदंगाच्या थापेचे टोक ११० पर्यंत जाऊ द्यायचे तर ६३ मिलीवॅट लागतात. त्यावर तू ईक्यूने, म्हणजे सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने, खर्ज ६ डेसिबल वर उचलणार, हे मी गृहीत धरतो, कारण तू उचलतोसच. ६ डेसिबल म्हणजे चौपट शक्ती, म्हणजे २५० मिलीवॅट, साडेतीन व्होल्ट आणि ७० मिलीअँपिअर. आपण ज्याला आयुष्यभर "पॉवर" म्हणत आलो त्यातला व्होल्टेज इथे फारसा लागत नाही, करंट लागतो. हॉस्टेलवर ४४४० आयसीचा ॲम्प्लिफायर बोर्ड ब्रिज करून, म्हणजे त्याचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडून, त्यावर हेडफोन लावायची कल्पना तुझी होती. दोन्ही कानांची ग्राउंड एकच असते आणि ब्रिजच्या कुठल्याही टोकाला ग्राउंड नसते, हे आपल्याला धूर निघाल्यावर कळले. आणि वॉर्डनसमोर अगरबत्तीचे नाव मी घेतले होते, तू नव्हे.

विजेवरचा एक तयार ॲम्प्लिफायर आणून पाहिला आणि परत केला. दोष त्याचा नाही. आमच्या घराखाली जांभा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा कितीही भरला तरी वैशाखात तो कोरडा पडतो आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की कानात भुंगा सुरू होतो. पावसाळ्यात भुंगा जातो, पण वीजही जाते. म्हणून मी ओ२ हा बॅटरीवरचा हेडफोन ॲम्प्लिफायर बांधायचे ठरवत आहे. नाव न सांगणाऱ्या त्या माणसाने २०११ मध्ये त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षी लिहिणेच थांबवले. अशी माणसे मास्तरांना आवडली असती. हा ओ२ ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालतो. त्यातल्या ४५५६ आयसीचा एकेक भाग ७० मिलीअँपिअर देतो आणि प्रत्येक कानासाठी दोन भाग समांतर जोडलेले आहेत, तेव्हा आपला हिशेब बसतो. गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पट वाढवायचा ते, चार ठेवीन. त्याहून जास्त ठेवला तर बॅटरी उतरताना टोके कापली जातील. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एक बॅटरी संपली की तो दुसरीही तोडतो, नाहीतर एकतर्फी डीसी थेट तुझ्या पापुद्र्यावर गेला असता. पार्ट्सची यादी तयार आहे, चुलतभाऊ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणील.

तुझी बदली होणार होती त्याचे काय झाले? वहिनींना नमस्कार. मुलीचा दहावीचा निकाल आईकडून कळला, पेढे चतुर्थीला वसूल करीन. रजा मिळते की नाही ते लवकर कळव, म्हणजे तुझ्या वाटणीच्या आरत्या कोणाला तरी देता येतील.

आता मुख्य प्रश्न, ज्यासाठी चार महिने पेन उचलले नाही. डावी बाजू माझ्या मते आज उजवीपेक्षा चांगली वाजते, पण ती आता तुझी राहिलेली नाही. उजवी उघडून दोन्ही सारख्या केल्या तर तुलनेचा दाखला जाईल आणि तू ज्या आवाजाचा हेडफोन माझ्याकडे ठेवलास तो आवाज कुठेच उरणार नाही. न उघडल्या तर ते घालून धड कोणालाच ऐकता येणार नाही. तिसरा मार्ग म्हणजे तुला नवीन घेऊन देणे आणि हे मी ठेवणे. तसे पैसे बाजूला काढले आहेत, पण तू ते घेणार नाहीस आणि वर दहा वर्षे ऐकवशील, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा निर्णय तुझा. तुझे उत्तर येईपर्यंत उजव्या बाजूला हात लावणार नाही. गादीसुद्धा जुनीच ठेवली आहे.

फाटलेल्या कागदाचे दोन्ही तुकडे मेणकागदात घालून याच पाकिटात ठेवले आहेत. मोठ्या तुकड्यावर पेन्सिलीने बारीक फुली आहे. ती मी केलेली नाही. तू आधीच उघडले होतेस काय?

तुझा,
विनू