स्क्रीन घेण्याआधी गुणलेखकाच्या टेबलावर या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात एखाद्या क्रीडागृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला, की पहिली मागणी मोठ्या एलईडी स्क्रीनची होते. मागणी रास्तच आहे. मी अनेक वर्षं शाळेत खेळ शिकवला आणि आजही कबड्डी स्पर्धांमध्ये गुणलेखक म्हणून बसते. स्क्रीन किती फुटांची हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा, असं माझं ठाम मत आहे. आधी ठरवायचं ते हे, की ती कोण वाचणार, कुठून वाचणार आणि कोण चालवणार.

कबड्डीत नुसते गुण दाखवून भागत नाही. चढाईच्या 30 सेकंदांतले किती उरले, कुणाचे किती गडी मैदानात आहेत, ही तिसरी, म्हणजे गुण न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो ती चढाई आहे का, हे त्याच क्षणी दिसावं लागतं. बचाव करणाऱ्या संघाचे तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली, की ती अव्वल पकड आणि गुण दोन. गड्यांचा आकडाच दिसला नाही, तर अख्खं सभागृह का उसळलं हे नवख्या प्रेक्षकाला कळणार कसं? शहरातल्या एका क्रीडागृहात स्क्रीनचा मोठा भाग जाहिरातींना दिला होता आणि गुण कोपऱ्यात बारीक अक्षरांत होते. वरच्या पायऱ्यांवरची मुलं आम्हालाच ओरडून विचारत होती, "बाई, किती झाले?"

फलकाचा एक जुना ढोबळ हिशेब आहे: आरामात वाचता यावं म्हणून दर 10 फूट अंतराला अक्षर एक इंच उंच. शेवटची रांग 300 फुटांवर असेल, तर आकडा 30 इंचांचा हवा. स्क्रीनचा आकार या हिशेबातून निघावा.

दुसरा हिशेब पिक्सेल पिचचा, म्हणजे दोन दिव्यांमधल्या अंतराचा. पिच जितके मिलिमीटर, साधारण तितक्या मीटरपासून पुढे चित्र सलग दिसतं. पिच निम्मा केला, की दिवे चौपट लागतात आणि खर्चही त्याच दिशेने जातो. सगळ्यात जवळचा प्रेक्षक 40 मीटरवर असलेल्या मैदानात 3 मिलिमीटरची स्क्रीन लावणं हा लोकांच्या पैशाचा अपव्यय आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मात्र ती शोभेल.

उघड्या मैदानावर भर उन्हात वाचायला 5,000 निट्स (पडद्याची प्रखरता मोजण्याचं एकक) किंवा त्याहून जास्त प्रखरता लागते. तीच रात्री खेळाडूच्या डोळ्यांवर आली, तर चेंडू दिसत नाही; म्हणून उजेडाप्रमाणे आपोआप मंद होण्याची सोय हवीच. आपल्याकडचे बरेच सामने दुपारी चारनंतर रंगतात. पश्चिमेला तोंड केलेल्या स्क्रीनवर नेमकं तेव्हाच ऊन येतं. ही दिशा नकाशावरच ठरवता येते, त्याला एक रुपयाही लागत नाही.

सांगाड्याबद्दल तडजोड नको. एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. स्क्रीन तर होर्डिंगच्या कापडापेक्षा कितीतरी जड, आणि खाली मुलं बसणार. वाऱ्याचा भार धरून केलेला आराखडा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी, हे दोन्ही करारातच असावं.

बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलं आणि आजही वापरात आहे. स्क्रीन मात्र साधारण दहा वर्षांत बदलावी लागते. म्हणून केबलचे मार्ग ऐसपैस ठेवावेत आणि सुटी मॉड्यूल, म्हणजे स्क्रीन ज्यांची बनते ते दिव्यांचे छोटे तुकडे, पहिल्याच खरेदीत, त्याच बॅचची घ्यावीत. नंतर आणलेल्या मॉड्यूलचा रंग जुळत नाही, स्क्रीनवर ठिगळ दिसतं. गुणांच्या संगणकाला यूपीएस आणि शेजारी आकड्यांचा एक साधा फलक असावा, म्हणजे वीज गेली तरी सामना अडणार नाही.

महापालिका आणि क्रीडा खात्याला माझी एकच विनंती आहे. टेंडर अंतिम करण्यापूर्वी नमुन्याचं एक कॅबिनेट, म्हणजे मॉड्यूल बसवलेली स्क्रीनची एक चौकट, त्याच जागी, दुपारी चार वाजता लावून दाखवायला सांगा. त्यावर जाहिरात नको, चालू सामन्याचे गुण दाखवा. शेवटच्या रांगेत पंच, गुणलेखक आणि चष्मा लावणारे दोन-तीन ज्येष्ठ प्रेक्षक बसवा आणि त्यांचा अभिप्राय लेखी घेऊन टेंडरच्या कागदांना जोडा.

एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
कोथरूड, पुणे