भारमान कमी म्हणून फेरी रद्द करण्याआधी : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

शहर बससेवेच्या 'फेऱ्यांचे सुसूत्रीकरण' अशा नावाची फाईल आपल्यापुढे येते तेव्हा तिच्यात बहुधा एकच रकाना ठळक असतो : मार्गाचे सरासरी भारमान, म्हणजे बसमधल्या जागांपैकी सरासरी किती टक्के भरल्या. भारमान कमी, म्हणून फेऱ्या कमी. (फेऱ्या वाढवायच्या असतील तर त्याला सुसूत्रीकरण म्हणताना कुणी दिसत नाही.) आमची तक्रार त्या रकान्याबद्दल आहे.

दिवसाची सरासरी ४५ टक्के असलेल्या मार्गावरही सकाळच्या दोन तासांत एका दिशेला पाय ठेवायला जागा नसते, असे सहज असू शकते. तीच बस उलट दिशेने पाच-सात जणांना घेऊन परतते आणि ही परतीची फेरी कागदावर तोट्याची दिसते. पण ती टोकाला पोचलीच नाही, तर तिथून भरून निघणार कोणती बस? रात्रीच्या शेवटच्या फेरीचेही तसेच. तिच्यात आठ माणसे असतात हे खरे. पण आपले काम लांबले तरी शेवटची बस आहे, या भरवशावर दुपारी बसने निघालेले त्याहून कितीतरी जास्त असतात. शेवटची फेरी गेली की ते दुपारच्या बसमधूनही उतरतात.

आता गाड्यांचा हिशेब. एका बाजूला धावायला ४२ मिनिटे आणि प्रत्येक टोकाला ८ मिनिटे थांबा धरला, तर पूर्ण चक्कर १०० मिनिटांची होते. दहा बस असतील तर दर १० मिनिटांनी एक सुटते. दोन काढून घेतल्या की अंतर साडेबारा मिनिटांवर जाते. हे उघड दिसू नये म्हणून एक जुनी युक्ती केली जाते. एकच बस काढायची आणि टोकावरचा थांबा ८ वरून ३ मिनिटांवर आणायचा. चक्कर ९० मिनिटांची, बस नऊ, अंतर पुन्हा १० मिनिटे! वेळापत्रक जसेच्या तसे, फक्त उशीर भरून काढायला जागा राहिली नाही. पहिल्या फेरीत सहा मिनिटे कोंडीत गेली की ती दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातात. चालकाला पाणी प्यायला किंवा लघवीला जायलाही वेळ उरत नाही. मग सिग्नलचा पिवळा दिवा त्याला हिरवाच वाटू लागतो.

उशीर एकदा सुरू झाला की तो स्वतःला वाढवत नेतो. थांब्यावर मिनिटाला दोन प्रवासी येत असतील, तर १० मिनिटांच्या अंतराने आलेल्या बसला वीस जण मिळतात. माणशी तीन सेकंद धरले तरी चढायला एक मिनिट. पाच मिनिटे मागे पडलेल्या बसला तीस जण, म्हणजे दीड मिनिट. प्रत्येक मोठ्या थांब्यावर ती आणखी अर्धा मिनिट मागे पडते आणि मागून अर्धी रिकामी बस तिला येऊन चिकटते. मग तासाला सहा बस जोडीजोडीने, दर वीस मिनिटांनी येतात. फेऱ्या सहाच, पण सरासरी ताटकळणे ५ वरून १० मिनिटांवर. आणि प्रवासी सरासरी धरून घरून निघत नाही. उशीर झाल्यावर पगार कापला जाणारा माणूस सगळ्यात वाईट दिवस धरून निघतो.

कपातीने पैसे वाचतात हे आम्ही नाकारत नाही, आणि गोची तिथेच आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासी मागणीच्या आढाव्यानुसार बसच्या किलोमीटरमध्ये १० टक्के घट केली की सुरुवातीला प्रवासी साधारण ४ टक्के कमी होतात; काही वर्षांनी हा आकडा ७ टक्क्यांच्या आसपास पोचतो. पहिल्या वर्षीचा ताळेबंद म्हणून छान दिसतो. पुढची गळती पुढच्या अर्थसंकल्पात 'घटती मागणी' म्हणून येते आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा कपात होते.

बस सोडलेला माणूस बहुतेक वेळा दुचाकी घेतो. अमेरिकेतल्या आकडेवारीत तेवढ्याच अंतरामागे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचे प्रमाण मोटारीतल्या माणसाच्या वीस पटींहून जास्त आहे. आणि बसमधला प्रवासी मोटारीतल्याहूनही सुरक्षित असतो. एका बसमधले वीस जण दुचाकीवर गेले तर रस्त्यावर वीस वाहने वाढतात आणि त्या गर्दीत उरलेली बस आणखी हळू होते. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो. त्यातले निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार आहेत.

जे बसमध्येच राहतात त्यांचे काय होते, हे पाहायचे तर थांब्यावर अर्धा तास उभे राहावे. गर्दी फुटपाथवर मावत नाही, ती रस्त्यावर उतरते. म्हणून बस कडेला येऊ शकत नाही, दुसऱ्या लेनमध्येच उभी राहते. कडेची माणसे आणि बस यांच्या मधल्या फटीतून दुचाकी निघते, नेमकी कुणी पायरीवर पाय टाकत असताना. आत पुढच्या दाराशी उभे असलेले चार जण चालकाचा त्या बाजूचा आरसा झाकून टाकतात. त्याला दार दिसत नाही, फटही दिसत नाही. वाहकाच्या घंटीवर तो बस काढतो. आणि पुढची बस पंचवीस मिनिटांनी आहे हे माहीत असलेला माणूस सिग्नल न बघता रस्ता ओलांडून धावतो. पाच मिनिटांनी असेल तर तो थांबतो.

तेव्हा कपातीच्या फाईलवर सही करण्याआधी एवढे मागवून घ्यावे : अर्ध्या अर्ध्या तासाचे, दोन्ही दिशांचे वेगवेगळे भारमान, जास्तीत जास्त गर्दीच्या थांब्यावर मोजलेले, आगारात तिकिटांवरून अंदाजलेले नव्हे. रद्द झालेल्या फेऱ्या कारणांसह, म्हणजे गाडी नाही, चालक नाही, बिघाड की कोंडी. न सांगता रद्द झालेली फेरी जाहीर कपातीहूनही वाईट, कारण तिच्या जागी वाट बघत माणूस उभा असतो. पहिली फेरी आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना हात लावू नये. टोकावरच्या थांब्याची मिनिटे चालकाच्या सुरक्षिततेची समजावीत. ती कापायला आगार व्यवस्थापकाला मुभा नसावी.

बचत हवीच असेल तर फेऱ्यांऐवजी चकरेचा वेळ कापावा. वरच्या मार्गावर १०० मिनिटांची चक्कर ९० वर आली तर अंतर न वाढवता एक बस मोकळी होते, आणि यावेळी कुणाची विश्रांती न खाता. त्यासाठी दोन-तीन अडलेल्या चौकांपुरती का होईना बसची वेगळी लेन, सिग्नलला बससाठी काही सेकंद जास्त, दोन्ही दारांनी चढ-उतार आणि थांब्यावर उभी केलेली खाजगी वाहने उचलणे, एवढ्याने सुरुवात होते. यातले पहिले, दुसरे आणि शेवटचे काम वाहतूक पोलीस आणि महापालिकेच्या हातात आहे, बस चालवणाऱ्यांच्या नाही. म्हणून हे पत्र आगाराला न लिहिता आपल्याला लिहिले आहे. तिन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणे आपल्यालाच जमेल.

कळावे,

बसची वेळापत्रके आखणारे आणि मार्गांवर मोजणी करणारे काहीजण