लिस्बनला फादो ऐकायला जाशील तेव्हा

प्रिय मंदार,

लिस्बनचं तिकीट काढलंस हे बरं झालं. आता एक रात्र फादोसाठी, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्यासाठी, राखून ठेव. आल्फामा किंवा मोरारिया या जुन्या वस्त्यांतली, वीस-पंचवीस माणसं मावतील एवढीच जागा शोध. तिथे बहुधा माइक नसतो, आणि तेच हवं. ओळीच्या शेवटी गायिका आवाज जवळजवळ संपवते, ते माइकवरून कळत नाही.

टेबल आधी सांगून ठेव, आणि सांगतानाच दोन गोष्टी विचार: माणशी किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोचं, घ्यावं लागतं, आणि टेबलावरून वादक दिसतात का. न मागता आलेले पाव-ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठव. तू मांस खात नाहीस, तर काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप घेताना शोरिसु घालू नका असं सांग. त्यात या सॉसेजची चकती टाकतात.

दिवे मंद झाले की वाढपीसुद्धा थांबतात. चमचा खाली ठेव. मधेच पोचलास तर गाणं संपेपर्यंत दाराशीच उभा राहा. एका वेळी तीन-चार गाणी होतात, मग जेवण पुढे सरकतं.

बसायचं ते पोर्तुगीज गितार वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे तोंड करून. त्या गितारला बारा तारा, सहा जोड्यांत. उंच सुराच्या तीन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात, खालच्या सुराच्या तीन जोड्यांत सप्तकाच्या अंतराने. वाजवायला अंगठा आणि तर्जनी, बहुतेकदा नकली नखं चढवून. तर्जनी एकाच तारेवर वर-खाली चालते, त्यातून ती थरथरती झणझण येते. जोडीतली एक तार किंचित उतरली तरी कानाला टोचतं, आणि भरलेल्या खोलीत तारा उतरतातच. म्हणून मधेमधे सूर लावतात. त्या वेळी कंटाळू नकोस. शेजारी साधी गिटार असते, तिला तिथे व्हिओला म्हणतात. ताल आणि स्वरांचा आधार तिचा.

खरी गंमत पुढेच आहे. जुन्या फादोत चाल ठरलेली असते, तिच्यावर वेगवेगळ्या कविता गातात. 'फादो मेनोर', 'कोरीदु' आणि 'मोरारिया' या त्यातल्या मूळ चाली. अनेकदा दोन ओळी परत म्हणतात, तेव्हा कान टवकार. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा शब्द मागे ओढून, एखादी हरकत घेऊन. गितार ओळींच्या मधल्या फटीत उत्तर देते, गायिका थांबली तर तीही थांबते. म्हणूनच संथ गाण्यात टाळ्यांनी ठेका धरू नये. लय शब्दांबरोबर सैल-घट्ट होत असते, तुझा ठेका तिला जखडून टाकेल. दाद शेवटी द्यावी. जाणकार मधेच 'आ फादिश्ता!' (फादिश्ता म्हणजे फादो गाणारा) म्हणतात, ते त्यांनाच शोभतं.

कोइंब्रा शहराचा फादो वेगळा, विद्यापीठातला, परंपरेने पुरुषांनी काळ्या झग्यात गायलेला; त्याची गितारही एक स्वर खाली लावतात. वेळ असेल तरच तिकडे जा.

निघण्याआधी कान तयार करायचा असेल, तर गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचं गाणं ऐक, आणि जुन्यांपैकी आमालिया रॉड्रिगिश. आल्फामातलं फादो संग्रहालय मात्र फादोच्या दिवशीच दुपारी बघ, म्हणजे संध्याकाळी गितार हातात दिसेल तेव्हा ती ओळखीची वाटेल.

फोन खिशातच ठेव, आणि बिल गाणं चालू असताना मागू नकोस.

तुझा,
अनिल