‘पॅरानॉइड’च बेस्ट का?

संपादक साहेब,

गायक ऑझी ऑस्बोर्न वारल्यापासून जो तो ‘पॅरानॉइड’च त्याच्या ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा बेस्ट अल्बम म्हणतोय, गाणी आहेतच तशी, पण खरा जड आवाज १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त आला राव. बँडचा गिटारवाला टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटलेली, दाबायला सोप्या जाव्यात म्हणून तारा ढिल्या हव्या होत्या, म्हणून त्याने काही गाण्यांत गिटार तीन सेमीटोन (म्हणजे तीन अर्धे स्वर) खाली लावली आणि पुढे डूम मेटलवाले (संथ, जड मेटल वाजवणारे) त्याच आवाजावर जगले. बँडचा पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड केलेला, कच्चा वाटतो, पण पाऊस नि घंटेची ती सुरुवात अजून अंगावर येते. त्यांचा चौथा अल्बम ‘व्हॉल्यूम फोर’ बेस्ट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यातलं संथ पियानोवालं ‘चेंजेस’ लागलं की सरळ पुढचं गाणं लावतो.

एक जुना मेटलवाला, ठाणे