‘८०० मिमी’च्या जाहिराती आणि न छापलेला आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या सवलती सुरू झाल्या की छायाचित्रणाच्या जोडसाहित्याच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘८०० मिमी सुपर टेलिफोटो’, ‘मोबाइलसाठी १२ एक्स दुर्बीण’, ‘स्टुडिओसारखा मऊ प्रकाश देणारी फ्लॅशची टोपी’, ‘एनडी२ ते एनडी४०० एकाच फिल्टरमध्ये’. नवा कॅमेरा घेतलेले विद्यार्थी, पक्षी टिपायला भिगवणला जाणारे हौशी लोक, लग्नाची कामे नुकतीच घेऊ लागलेले तरुण यांचे पैसे या वस्तूंत अडकतात. यातल्या बऱ्याचशा वस्तू का चालणार नाहीत, हे खरेदीपूर्वीच कागदावर काढता येते. त्यासाठी लागणारा आकडा मात्र खोक्यावर छापलेला नसतो. तो वाचकांना काढता यावा आणि विक्रेत्यांनी तो छापावा, म्हणून हे पत्र.

सुरुवात ८०० मिमीपासून. ‘४२०–८०० मिमी, एफ/८.३–१६’ अशी ही लांब काळी नळी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. फोकल लेंग्थला (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारे मिमीतले माप) एफच्या आकड्याने भागले की प्रकाश आत शिरण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ८०० भागिले १६ म्हणजे ५० मिमी. ४२० भागिले ८.३, तेही जवळपास ५०च. आता अनेकांकडे आधीच असलेली साधी ७०–३०० मिमी लेन्स घ्या. ३०० मिमीला तिचा आकडा एफ/५.६, म्हणजे व्यास सुमारे ५३ मिमी. समोरच्या रोहित पक्ष्याकडून येणारा प्रकाश दोन्ही लेन्समध्ये जवळजवळ सारखाच शिरतो. ८०० मिमीची लेन्स तोच प्रकाश सातपट जागेवर पसरवते, जास्तीचा आणत नाही.

तपशिलाचेही तेच. एफ/१६ला विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद वाटेतून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रत्येक बिंदूची सुमारे २१ मायक्रॉनची चकती होते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो जेमतेम ४ मायक्रॉनचा. म्हणजे काच कितीही निर्दोष असली तरी एक बिंदू पाच पिक्सेल अडवून बसतो, आणि या स्वस्त लेन्सची काच निर्दोष नसते. याउलट ३०० मिमीवर काढलेला फोटो ८०० मिमीइतक्या चौकटीपर्यंत कापला तर साधारण ३.४ मेगापिक्सेल उरतात. सात बाय पाच इंचाच्या प्रिंटला ते पुरतात. शिवाय ऑटोफोकस चालू राहतो, आणि लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर तेही.

हातात धरून काढायचे म्हटले तर हिशेब आणखी बिघडतो. लख्ख उन्हात एफ/१६, आयएसओ १००ला शटर १/१०० सेकंद हा फिल्मच्या काळापासूनचा नियम. आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ती वाढवली की फोटो दाणेदार होतो. ८०० मिमी लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर हलू नये म्हणून शटर किमान १/१२५० हवे, म्हणजे भर उन्हातच आयएसओ १२५०. सकाळच्या कोवळ्या उन्हात प्रकाश तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी धरा, की आयएसओ १०,००० होतो. पक्षी तर सकाळीच हालचाल करतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/१६ला इतका अंधार असतो की हाताने फोकस नेमका कुठे बसला ते डोळ्याला कळतच नाही.

ज्यांनी ही लेन्स घेतली आहे त्यांनी ती टाकून देऊ नये, पण तिची जागा ट्रायपॉडवर आहे. तिच्या मागचा टी-माउंट, म्हणजे अ‍ॅडॅप्टर बसवायची आट्यांची जोडणी, ४२ मिमीचा असून आटे ०.७५ मिमी अंतराचे असतात. जुन्या एम४२ कॅमेऱ्यांच्या आट्यांच्या जोडणीचा व्यासही ४२ मिमी, पण आट्यांचे अंतर १ मिमी. एम४२चा अ‍ॅडॅप्टर यावर एक-दोन फेरे बसतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेले. टी-अ‍ॅडॅप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते ढिले झाले की लेन्स माउंटमध्येच फिरू लागते, म्हणून घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने ते आधी आवळून घ्यावेत. लेन्सला विजेचे संपर्कबिंदू नसल्याने अनेक कॅमेरे ‘लेन्स नाही’ असे समजून शटर उघडत नाहीत. मेनूमध्ये लेन्सविना शटर चालवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करावा. निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतले डीएसएलआर अशा लेन्सवर प्रकाश मोजत नाहीत. तिथे एम (हाताने मापे ठरवण्याच्या) मोडवर अंदाजाने काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे चित्र) दहापट मोठा करून फोकस करावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा. पौर्णिमेच्या चंद्राला आयएसओ २००, १/१०० इथून सुरुवात करावी. सेन्सरवर चंद्र सुमारे सात मिलिमीटरचा येतो. या लेन्सचा खरा उपयोग हाच.

५०० मिमी एफ/८ची आरशाची लेन्स आणि सोबत फोकल लेंग्थ दुप्पट करणारा ‘मोफत’ दोनपट कन्व्हर्टर अशी जोडीही खूप विकली जाते. जोडी लावली की १००० मिमी, एफ/१६. मधला आरसा आणखी प्रकाश अडवतो, आणि मागच्या पाण्यावरची प्रत्येक चमक कड्यासारखी गोल दिसते.

मोबाइलच्या दुर्बिणीत लपवलेला आकडा वेगळा नाही. पुढच्या भिंगाच्या व्यासाला ‘एक्स’ने भागले की बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. १८ मिमी भिंग आणि ८ एक्स असेल तर सव्वादोन मिमी, तेच भिंग आणि १२ एक्स असेल तर दीड मिमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ ६ मिमी आणि एफ/१.८ धरली तर त्याचे अपर्चर ३.३ मिमी भरते. म्हणजे १२ एक्सची नळी लावली की कॅमेऱ्याला त्याच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकाच प्रकाश मिळतो, आणि हाताचा कंप बारापट होतो. भोवती दिसणारे काळे वर्तुळ हा बिघाड नाही. दुर्बिणीची दृष्टिकक्षा कॅमेऱ्यापेक्षा अरुंद असते, म्हणून दीड ते दोनपट झूम करावे लागते. इथेच दुसरी अडचण येते. तीन-चार कॅमेऱ्यांचे फोन झूम करताना आपोआप शेजारच्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, आणि नळी असते मुख्य कॅमेऱ्यावर. प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा पक्का निवडावा, नाहीतर फोटोत नळीची कड येईल. नळी फोनवर धरणारा चिमटा थोडा जरी सरकला तरी चित्राची एक बाजू धूसर होते. कॅमेऱ्यांचा उंचवटा मोठा असलेल्या नव्या फोनवर तो सरळ बसणे कठीणच.

या चिमट्यांच्या संचातले एक भिंग मात्र कामाचे असते, ते मॅक्रोचे. १० एक्सचे भिंग साधारण अडीच सेंटीमीटरवरून स्पष्ट चित्र देते. फुलातले पराग, नाणे, मुंगी यांसाठी ते घ्यावे. फोकस फोनवर न करता फोन हळूच मागेपुढे करून साधावा आणि सावली पडणार नाही अशी बाजू निवडावी.

विचित्र दिसणारे प्रत्येक साधन वाईट असते, असे माझे म्हणणे नाही. जर्मनीतल्या क्रोनबर्गचे औषधविक्रेते युलिउस नॉयब्रोनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कबुतराच्या छातीवर बांधायचा कॅमेरा केला. कबुतर सुमारे ७५ ग्रॅम वाहू शकते हे धरून त्यांनी कॅमेऱ्याचे वजन त्या मर्यादेत बसवले. त्या कल्पनेचा पाया मोजमापाचा होता. उलट १९८२ साली कोडॅकने आणलेला डिस्क कॅमेरा दिसायला आटोपशीर, चालवायला सोपा. पण निगेटिव्ह होती सुमारे ८ बाय १० मिमी, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या अकराव्या हिश्श्याएवढी. प्रिंट दाणेदार यायचे, आणि तो फार वर्षे टिकला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीलाही क्षेत्रफळाचा हिशेब चुकवता आला नाही.

फ्लॅशच्या टोपीचे गणितही क्षेत्रफळाचेच आहे. प्रकाश मऊ होतो तो प्रकाशस्रोत विषयाच्या जागेवरून केवढा दिसतो त्यावर. प्लॅस्टिक दुधी आहे म्हणून नव्हे. टोपी फ्लॅशच्या तोंडाएवढीच, सात बाय साडेचार सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम ३१ चौरस सेंटीमीटर. फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या १०० सेंटीमीटर व्यासाच्या पांढऱ्या अंब्रेलाचे क्षेत्रफळ भरते साडेसात हजारांच्या वर. टोपी चालते ती छोट्या खोलीत, कारण तिच्यातून चहूकडे उडालेला प्रकाश पांढऱ्या छतावरून आणि भिंतींवरून परत येतो. तिथेही फ्लॅशचे डोके ६०–७५ अंश वर करून, आयएसओ ८०० आणि एफ/४ ठेवले तर टोपीवाचून तोच परिणाम मिळतो. लॉनवरच्या लग्नात परत यायला काहीच नसते. दीड-दोन स्टॉप प्रकाश आभाळात जातो, फ्लॅश प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने मारावा लागतो, सेल भराभर उतरतात, आणि सप्तपदीच्या ऐन वेळी फ्लॅश पेटत नाही. तरुण छायाचित्रकारांनी हे पैसे अंब्रेला, स्टँड आणि वाळूच्या पिशवीत घालावेत. पिशवी विसरू नये, वाऱ्याने अंब्रेला पहिल्यांदा पाहुण्यांच्या अंगावरच पडते.

फिरता एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर म्हणजे एकापुढे एक बसवलेले दोन पोलरायझर, एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या काचा. कडेला एनडी४०० छापलेले असले तरी रुंद लेन्सवर पाच-सहा स्टॉपच्या पुढे चित्रावर काळी फुली उमटते. सह्याद्रीतल्या धबधब्यांसाठी साधा एनडी६४ पुरतो. शटरच्या १/३० सेकंदाचे दोन सेकंद होतात आणि पाणी रेशमी येते. लेन्सपुढे लावून दृश्य रुंद करणाऱ्या ०.४५ एक्सच्या कन्व्हर्टरबद्दल थोडक्यात सांगायचे तर कोपरे काळे, कडा धूसर, आणि जुन्या १८–५५ लेन्सच्या नाजूक फोकस मोटरवर नाहक वजन. त्याऐवजी कॅमेरा उभा धरून, तीस टक्के भाग एकमेकांवर येईल असे पाच-सहा फोटो काढून जोडावेत.

आता कायद्याबद्दल. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे छापणे २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘८०० मिमी’ हा दावा मात्र अक्षरशः खोटा नाही, त्यामुळे फसगत झालेला ग्राहक तक्रार करायला कचरतो. त्याने कचरू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि वेष्टनाचा फोटो जपून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विक्रेत्यांकडे मागणी साधी आहे. लेन्स असेल तर दोन्ही टोकांचा एफ-आकडा, संपर्कबिंदू आहेत की नाहीत आणि आट्यांचे माप. दुर्बीण असेल तर पुढच्या भिंगाचा व्यास. फिल्टर असेल तर कोणत्या फोकल लेंग्थला किती स्टॉपपर्यंत फुली येत नाही तो आकडा. फ्लॅशच्या साधनाला प्रकाश देणाऱ्या पृष्ठभागाचे माप आणि किती स्टॉप प्रकाश कमी होतो ते. हे सारे खोक्याच्या एका बाजूवर मावते. मुंबईच्या बोरा बाजारातल्या जाणत्या दुकानदारांना विचारले तर ते यातले बरेच तोंडी सांगतील. ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला विचारायला कोणी नसते. आपल्या दैनिकाच्या खरेदी पुरवणीत अशा वस्तूंची ओळख छापताना हे आकडे विक्रेत्याकडून मागवून किमतीशेजारी द्यावेत, आणि न मिळाल्यास ‘माहिती दिली नाही’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
छायाचित्रणाचा एक अभ्यासक, पुणे